‘ईपीएनएस’ शिक्क्याची जुनी काटे-चमच्यांची पेटी : वय कसं ओळखायचं, साफ कशी करायची?

नौपाडा_जुनंघर

नमस्कार मंडळी. ठाण्यात नौपाड्यातलं आमचं घर पुनर्विकासाला जात आहे. सामान आवरताना काटे-चमच्यांची एक लाकडी पेटी निघाली. आत ६ मोठे काटे, ६ मोठे चमचे, ६ जेवणाच्या सुऱ्या, माशासाठीच्या ६ सुऱ्या आणि ६ काटे, शिवाय ६ छोटे काटे आहेत. छोट्या काट्यांचा डावा दात बाकीच्यांपेक्षा रुंद आहे.

काटे-चमच्यांच्या पाठीवर इंग्रजीत ‘ईपीएनएस’, ‘ए१’ आणि चार बारीक चौकोनी ठसे आहेत. मोठ्या सुऱ्यांच्या पात्यावर ‘शेफील्ड’ आणि ‘फर्थ स्टेनलेस’ वाचता येतं. मुठी पिवळट, हस्तिदंतासारख्या दिसतात. दोन सैल झाल्यात. चमचे काळे पडलेत आणि वाटीच्या पाठीवर पिवळट चट्टे आहेत. माशाच्या सुरीला धारच नाही, ती झिजली म्हणून की मुळातच तशी?

वय साधारण किती असेल, ही चांदी आहे का, घरच्या घरी काय करता येईल आणि याने जेवलं तर चालेल का, हे कळलं तर बरं होईल. आकारांमागची कारणं माहीत असतील तर तीही लिहा. पेटी मोडीत द्यायची नाही, वापरात आणायची आहे.

कोपरी_खाडीकाठ

वय शोधताना पात्यावरच्या शिक्क्यापासून सुरुवात करा. दांड्याचा आकार आणि नक्षी फसवते, कारण अठराव्या शतकातले घाट कारखान्यांनी पुढे दीडशे-दोनशे वर्षं जसेच्या तसे काढले.

‘फर्थ स्टेनलेस’ ही पक्की खूण आहे. हॅरी ब्रेअर्ली हा धातुतज्ज्ञ इंग्लंडमधल्या शेफील्डच्या ब्राउन फर्थ प्रयोगशाळेत बंदुकीच्या नळ्या लवकर का झिजतात यावर काम करत होता. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. त्याची पाती करता येतील हे त्याच्या लगेच लक्षात आलं, आणि १९१४ मध्ये अर्नेस्ट स्टुअर्ट या कटलरीवाल्याने ते पोलाद व्हिनेगर लावून पारखलं. लगेच पहिलं महायुद्ध लागलं आणि क्रोमियम पोलाद विमानांच्या इंजिनांसाठी जाऊ लागलं. घरगुती सुऱ्या बाजारात मुबलक आल्या त्या युद्ध संपल्यावर. म्हणून तुमच्या सुऱ्या साधारण १९२० नंतरच्या. काटे-चमचे त्याच सुमाराचे किंवा थोडे आधीचे असू शकतात. पेट्या पुष्कळदा दोन-तीन ठिकाणचे नग जमवून भरलेल्या असतात, तेव्हा सगळ्यांचे ठसे एकमेकांशी ताडून पाहा.

‘ईपीएनएस’ म्हणजे निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं. हळदीकुंकवाला ‘जर्मन सिल्व्हर’च्या वाट्या लुटतात तेच हे घराणं. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन चुलतभावांनी १८४० मध्ये या मुलाम्याचं पेटंट घेतलं आणि मध्यमवर्गीय टेबलावर चांदीसारखा संच दिसू लागला. त्याआधी शेफील्डमध्येच टॉमस बोल्सोव्हरने १७४३ च्या सुमाराला तांब्याच्या तुकड्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडायची आणि दोन्ही एकत्र लाटायची पद्धत काढली होती. एल्किंग्टनच्या पद्धतीने ती मागे टाकली, कारण आता नग आधी पूर्ण घडवून मग चांदी चढवता येऊ लागली.

‘ए१’ ही कारखानदाराची स्वतःची प्रतवारी, मुलामा जाड आहे एवढं सांगणारी. तिला कायद्याचं मोजमाप नव्हतं. चार चौकोनी ठसे पाहून चांदीच समजू नका. ९२.५ टक्के चांदीच्या इंग्लंडमधल्या नगावर चालत्या सिंहाचा शिक्का असतो. मुलाम्याचे कारखाने ई, पी, एन, एस ही चार अक्षरं वेगवेगळ्या ढालींत ठोकून तसाच देखावा करत.

आता आकार. माशाची सुरी मुळातच बोथट असते. शिजलेला मासा कापायचा नसतो, त्याचे पदर सोडवायचे असतात. म्हणून पातं रुंद, चपटं आणि पाठीवर खाच. पण वेगळी सुरी करण्याचं खरं कारण धातूचं होतं. १९१३ च्या आधीचं पातं साध्या पोलादाचं. माशावर लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की ते काळं पडायचं आणि लोखंडाची चव माशाला लागायची. चांदीवर लिंबाचा असा परिणाम होत नाही. हा संच रूढ झाला एकोणिसाव्या शतकात. त्याआधी इंग्लंडमध्ये मासा एक काटा आणि पावाचा तुकडा घेऊन खात. स्टेनलेस पातं आल्यावर या सुरीचं मूळ कारण संपलं, तरी रिवाज राहिला.

जेवणाच्या सुरीचं गोल टोक त्याहून जुनं. मध्ययुगात युरोपात पाहुणा स्वतःची टोकदार सुरी कमरेला लावून यायचा आणि तिच्याच टोकाने मांस उचलायचा. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६९ मध्ये टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली, कारण जेवणावर झालेली भांडणं सुऱ्यांवर जायची. पण टोक गेलं तर घास उचलायचा कशाने? तिथे काट्याची गरज वाढली. इंग्लंडमध्ये तेव्हाचा काटा दोन सरळ दातांचा. मांस कापताना धरून ठेवायला उत्तम, पण बारीक पदार्थ त्यातून निसटायचे. म्हणून अठराव्या शतकातल्या इंग्रजी सुरीचं पातं टोकाशी रुंद आणि वर वळलेलं दिसतं. वाटाण्यासारखे पदार्थ त्या पात्यावर घेऊन तोंडात घालत. पुढे काट्याला तीन, मग चार दात आले, दातांना बाक आला, काट्यानेच उचलता येऊ लागलं. आणि सुरीचं पातं पुन्हा अरुंद, सरळ झालं. सुरी बदलली की काटा बदलतो आणि काटा बदलला की सुरी. दोन्ही शेजारी ठेवूनच पाहा.

काट्याकडे इंग्रजांचं लक्ष वेधलं टॉमस कोरियटने, १६११ साली छापलेल्या प्रवासवर्णनात. इटलीत लोक मांसाला हात न लावता काट्याने धरतात, कारण सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात, असं तो लिहितो.

रुंद डाव्या दाताचा छोटा काटा केकचा. तो उजव्या हातात धरतात. डाव्या कडेने केक दाबून कापतात आणि त्याच काट्याने उचलतात. सगळा दाब त्या एका दातावर येतो म्हणून तो रुंद.

शेवटची एक खूण तपासा. चमच्याच्या दांड्याचं टोक वरच्या बाजूला वळलंय की खाली? अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टोक वर वळवत आणि नग टेबलावर पालथा मांडत, म्हणून अक्षरं पाठीवर कोरलेली असायची. साधारण १७६० पासून टोक खाली वळलं, नग उताणा मांडू लागले, कोरीवकाम पुढे आलं. तुमचा संच या दोन्हींपैकी एका घाटाची नक्कल असू शकतो.

रबाळे_टूलरूम

सफाईचं लिहितो. आधी नग वेगळे करा : पूर्ण धातूचे एकीकडे, मुठीवाले दुसरीकडे. मुठीवाला एकही नग पाण्यात बुडवू नका, कोमट पाण्यातही नाही.

काळं झालंय ते सिल्व्हर सल्फाइड. हवेतला हायड्रोजन सल्फाइड चांदीला लागतो. खारफुटीच्या चिखलातून हा वायू निघतो, त्यामुळे खाडीलगतच्या घरात चांदी लवकर काळवंडते. कोपरी, कळवा, ऐरोलीकरांना हे सांगायला नको.

पसरट भांड्यात तळाला अॅल्युमिनियम फॉइल चकचकीत बाजू वर करून अंथरा. १ लिटर उकळतं पाणी, २ मोठे चमचे खाण्याचा सोडा, १ छोटा चमचा मीठ. नग फॉइलला टेकलाच पाहिजे. नुसता पाण्यात तरंगत राहिला तर काही होत नाही, कारण चांदी आणि अॅल्युमिनियम यांच्यात विजेची जोडणी हवी. सडक्या अंड्याचा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. २ ते ५ मिनिटं पुरतात. या पद्धतीत गंधक चांदी सोडून अॅल्युमिनियमकडे जातो आणि सल्फाइडमधली चांदी नगावरच राहते. पॉलिश किंवा पावडरने घासलं की ती चांदी कापडावर निघून जाते. मुलाम्याच्या नगाला हा फरक फार मोठा आहे. लगेच साध्या पाण्यात धुवा, मीठ राहू देऊ नका, सुती फडक्याने पुसून पूर्ण कोरडं करा.

दोन गोष्टी बिघडतात. नक्षीच्या खोबणीतला काळा रंग मुद्दाम ठेवलेला असेल तर तोही निघतो आणि नक्षी सपाट दिसते. आणि नग जास्त वेळ ठेवला तर चमक मरून पांढुरका, मळकट दिसतो. एकदम सगळे घालू नका, आधी एक चमचा करून बघा.

पितळ-तांब्याची पावडर, चिंच, राख, हिरवी घासणी यांतलं काहीही लावू नका. पिवळट चट्टे मात्र कशानेही जाणार नाहीत, कारण तो मळ नाही. मुलामा झिजून खालचं निकेल सिल्व्हर उघडं पडलंय. चमचा टेबलावर जिथे टेकतो तिथेच, वाटीच्या पाठीवर, ते आधी दिसतं. काट्याच्या दातांची टोकंही पाहा. वर्षानुवर्षं बशीवर घासून एका बाजूचा दात आखूड झालेला असतो.

त्याने जेवता येईल का? मुलामा शाबूत असेल तिथे हो. उघड्या चट्ट्यांमध्ये तांबं आणि निकेल आहे, त्यामुळे आंबट आमटी, लोणचं, ताक यांत चमचा बुडवून ठेवू नका, आणि घरात कुणाला निकेलची अॅलर्जी असेल तर ते नग बाजूला काढा. अंड्याने चांदी पटकन काळी होते, मिठाने खड्डे पडतात. जेवण झाल्यावर रात्रभर सिंकमध्ये ठेवायची सवय या संचाला चालणार नाही.

पुन्हा मुलामा चढवायचा असेल तर कामाचे टप्पे विचारून घ्या : जुनी चांदी उतरवणं, दात सरळ करणं, बफिंग (फिरत्या चाकावर घासून चमक आणणं), मग चांदी. बफिंगमध्ये कोरलेली अक्षरं पुसट होतात, आधी फोटो काढा. जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) ठरवा. वापराच्या काट्या-चमच्यांना २० मायक्रॉनच्या आसपास हवी. एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा ‘फ्लॅश’ चमकतो छान, पण घासण्यात उडून जातो. वागळे इस्टेट आणि रबाळे-महापे पट्ट्यातली प्लेटिंगची बहुतेक कामं जस्त, निकेल, क्रोमची असतात, तेव्हा चांदीचा हौद आहे का हे आधी विचारा. घरी ‘किट’ आणून करू नका. चांदीच्या हौदात सायनाइडचे क्षार असतात.

मोठ्या सुऱ्यांच्या पात्यावर तपकिरी ठिपके असतील तर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब आणि ०००० नंबरची स्टील वूल घेऊन पात्याच्या लांबीच्या दिशेनेच घासा. आडवं घासलं तर ओरखडे उठून दिसतात. खोल टाचणीएवढे खड्डे राहतीलच.

बेलापूरकर_पळी

वर लिंबू आणि साध्या पोलादाचं आलंय, ते आपल्या विळीवर रोज दिसतं. लोखंडी विळीवर कैरी चिरली की पातं आणि कैरी दोन्ही काळी पडतात. रसायन तेच.

आपल्याकडे ताटाशेजारी सुरी आली नाही याचं कारण विळीतच आहे. पाट पायाखाली दाबला की दोन्ही हात मोकळे. भाजी, नारळ, मासा सगळं चुलीपाशीच घासाएवढं होतं. मऊ शिजलेलं अन्न बोटांनी कालवायचं, मग ताटावर कापायला उरतं काय? घडणीची खरी विविधता वाढण्याच्या साधनांत गेली. ओगराळ्याचा दांडा वाटीला जवळजवळ उभा, कारण खोल भांड्यातून आमटी काढून पंगतीत वाकून वाढायची असते. आडव्या दांड्याचा डाव तिथे भांड्याच्या काठाला अडतो. भातवाढी पसरट, म्हणजे शीत मोडत नाही. झाऱ्याला भोकं, तेल निथळायला. आचमनाची पळी एवढीशी, कारण तळहातावर घोटभरच पाणी हवं.

मागे जायचं तर हडप्पा काळात गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वरला मोठ्या शंखांच्या पळ्या कापून करत. शंखाची पोकळी हीच वाटी आणि त्याचीच कड वाढवून दांडा, जोड कुठेच नाही. यज्ञातल्या लाकडी पळ्यांनाही लाकूड ठरलेलं : स्रुव खैराचा, जुहू पळसाची.

तुमच्या पेटीतल्या माशाच्या सुरीने पापलेट छान सुटतं, मधल्या काट्यावरून पदर सरळ उचलला जातो. बोंबील आणि बांगड्याला मात्र बोटंच.

नौपाडा_जुनंघर

सगळ्यांचे मनापासून आभार. सहा चमचे फॉइलवर केले, चार स्वच्छ निघाले, दोनांवर चट्टे आहेत. मुठी भिंगातून पाहिल्या : लांबीच्या दिशेने अगदी समान अंतरावर सरळ रेषा आहेत, आणि अंगठ्याने जोरात चोळल्यावर कापराचा वास येतो. सैल मुठीतून तपकिरी भुकटी पडते. हस्तिदंत आहे का हे? आणि मूठ परत बसवायची कशी?

शिवाय रोजच्यासाठी नवा संच घ्यायचा आहे. जांभळी नाक्यावर सगळेच ‘स्टेनलेस’ म्हणतात, निवडताना काय पाहायचं?

कोपरी_खाडीकाठ

हस्तिदंत नाही, सेल्युलॉइड आहे. कापूर हा त्याचाच घटक, आणि सरळ समान रेषा ही यंत्राने केलेली नक्कल. खऱ्या हस्तिदंतात मुठीच्या बुडाच्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघोट्या दिसतात. हस्तिदंत असतं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याची विक्री करता आली नसती, तेव्हा तो प्रश्न सुटला.

दुसरा प्रश्न मात्र उभा राहतो. सेल्युलॉइड भडकन पेटतं. गरम सुई टोचून पाहायची चाचणी इंटरनेटवर सुचवतात, ती करू नका. गॅसजवळ, उन्हात, डिशवॉशरमध्ये ही सुरी न्यायची नाही.

तपकिरी भुकटी म्हणजे जुना लुकण. पात्याचं निमुळतं शेपूट मुठीच्या भोकात घालून राळ, मेण आणि विटकरीची पूड यांच्या वितळवलेल्या मिश्रणाने बसवत. गरम पाण्याने राळ मऊ होते, म्हणून जुन्या मुठी धुताना सुटतात. हाडाची मूठ असती तर राळ ४ भाग, मेण १ भाग, पूड १ भाग असं परत भरता आलं असतं. सेल्युलॉइडला वितळलेली राळ लावायची नाही. थंड पद्धत वापरा.

मूठ थोडी थोडी फिरवत ओढा, पक्कड लावायची झाली तर पात्याला कापड गुंडाळून. भोकातली जुनी राळ ड्रिलचं पान हाताने फिरवून काढा, यंत्राने नको. घर्षणाची उष्णताही जास्त होते. शेपटावरचा गंज ८० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा. आधी कोरडं बसवून पाहा : पातं आणि मूठ एका रेषेत आहेत का, खांद्याशी फट राहते का. दोन भागांचं सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी घ्या, पाच मिनिटांचं नको, कारण रेषा जुळवायला वेळ लागतो. भोक दोन तृतीयांशच भरा, नाहीतर दबलेली हवा आणि जादा इपॉक्सी मुठीला चीर पाडतात. बाहेर आलेलं पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्याने लगेच पुसा. अॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, त्यात सेल्युलॉइड विरघळतं. पातं वर, मूठ खाली असं उभं करून २४ तास हलवू नका.

या सुऱ्या चांदीच्या नगांबरोबर बंद पेटीत ठेवू नका. जुनं सेल्युलॉइड कुजू लागलं की त्यातून आम्ल वाफा निघतात आणि शेजारचा धातू खातात. मूठ चिकट लागली, बारीक तडे दिसले किंवा जवळच्या धातूवर हिरवट थर आला तर तो नग लगेच वेगळा करा. सुऱ्या सुती कापडात, हवा लागेल अशा खणात. काटे-चमचे वेगळ्या सुती पिशवीत, पावसाळ्यात सोबत सिलिका जेलच्या पुड्या. रबरबँड आणि लोकर नको, दोन्हींत गंधक असतो.

रबाळे_टूलरूम

नव्या संचाचं. स्टेनलेस हे एक पोलाद नसून घराणं आहे. काटे-चमच्यांसाठी ३०४, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल, तेच ‘१८/८’. ४३० म्हणजे ‘१८/०’, निकेल नाही. आपल्या बाजारात २०२ पुष्कळ, त्यात निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. दिसायला तसंच, पण मीठ आणि दमट हवेत लवकर ठिपके पडतात.

चुंबकाची परीक्षा अर्धीच कामाची. चुंबक घट्ट चिकटला तर ४३०. चिकटला नाही तर ३०४ किंवा २०२, यापुढे चुंबक काही सांगत नाही. ३०४ सुद्धा दाबलेल्या, वाकवलेल्या जागी किंचित ओढलं जातं, त्यावरून माल परत करू नका. ३०४ आणि २०२ यांतला फरक मँगनीज तपासणाऱ्या द्रावणाच्या थेंबाने कळतो. भंगारवाले आणि पत्र्याचे व्यापारी ते वापरतात. घाऊक घेत असाल तर मागा.

सुरी मात्र चुंबकाला चिकटलीच पाहिजे. ३०४ उष्णता देऊन कडक होत नाही, त्याची धार टिकणार नाही. पात्याला ४२० सारखं पोलाद लागतं : साधारण १३ टक्के क्रोमियम आणि कार्बन, म्हणजे ब्रेअर्लीच्या ओतापासून फार लांब नाही. क्रोमियम कमी म्हणून त्याच संचातली सुरी आधी गंजते. लोक याला फसवणूक समजतात, तसं नाही. धुतल्यावर सुरी आधी पुसा.

दुकानात काटा हातात घेऊन दातांच्या मधल्या कडांवरून नखं फिरवा. चांगल्या कामात दात पाडल्यावर मधली खाच वेगळी पॉलिश करतात. स्वस्त मालात तो खर्च वाचवतात, नख अडतं, आणि तिथेच अन्न अडकून डाग पडतो. मग मान पाहा. नीट घडवलेल्या नगात पत्रा आधी लाटतात, म्हणजे वाटी पातळ आणि मान जाड राहते. सरसकट एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेला चमचा घट्ट श्रीखंड काढताना मानेत वाकतो. दांडा २.५ मिलिमीटरच्या खाली नको. पोकळ मुठीची सुरी कानाशी हलवा, आत खडखडलं तर भरण सुटलंय किंवा सांध्याची झाळ नीट लागलेली नाही. पाणी शिरून आतून गंजेल. रोजच्या घाईला एकाच तुकड्यातून घडवलेली सुरी घ्या.

किती प्रकार घ्यायचे यासाठी एक उदाहरण. शेफील्डच्या डेव्हिड मेलरने १९६५ मध्ये ब्रिटिश सरकारी कॅन्टीनसाठी ‘थ्रिफ्ट’ संच केला, तेव्हा एका माणसामागचे ११ नग ५ वर आणले. आपल्या जेवणाला त्याहूनही कमी लागतात : सुमारे १८ सेंटीमीटरचा चमचा, काटा आणि चहाचा चमचा. सुऱ्या दोन-चार पुरेत. चमच्याची वाटी थोडी खोल आणि टोकाशी गोलसर बघा. फार निमुळती असेल तर वरण ओठापर्यंत येईस्तोवर सांडतं.